दोरीनं बांधलेली डिकी

हॅलो?… हां, बोल गं… थांब, थांब, काही ऐकू येत नाहीये. अहो, तो कॉम्प्रेसर बंद करा जरा, छोटीचा फोन आहे!… हां, बोल आता. कुठवर आलात?… अजून घाटातच? अगं, मी जेवायची थांबलेय तुमच्यासाठी… दरड? कुणाला लागलं-बिगलं नाही ना?… बरं. म्हणजे मागेही जाता येत नाही नि पुढेही. बरं बरं, कळलं रडगाणं, पुढे बोल.

हीटर चालत नाही म्हणजे काय? गार वारा येतोय की वाराच येत नाही?… पुढे गरम आणि मागे गार. हं. इंजिनाचा काटा कुठे आहे?… मधोमध. मग पाणी आहे, हीटरलाही काही झालेलं नाही… काचा धुरकट झाल्यात? एसी लाव… अगं हो, थंडीतसुद्धा! हीटर हवा गरम करतो, एसी कोरडी करतो, दोघं मिळून… तू लाव तर! सख्खी बहीण गॅरेजवाली आहे तुझी, हसतेस काय?… गेली ना वाफ? मग.

आता ते बटण बघ, गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण… दिवा लागलाय त्याचा? म्हणजे आतलीच हवा आत फिरतेय… घाट लागल्यापासून? बरं, ते बंद…

काय?… हो, मागे गार का पडतंय तेच शोधतेय ना. मागून कुठून वारा शिरतोय का? दारं नीट लागलीत?… डिकी? डिकीचं काय?… आरामखुर्ची! अगं बाई, आमच्याकडे काय खुर्च्यांचा दुष्काळ पडलाय?… हो, हो, माहितेय, आईला दुसरीत बसवत नाही. मग?… पाय बाहेर राहिले म्हणून दोरीनं बांधलीस.

म्हणजे डिकी उघडी आहे.

अगं ऐक ना. इंजिन चालू आहे आत्ता?… थांबल्यापासून चालूच? हीटरसाठी. आणि काचा सगळ्या बंद… ते घरघरतंय काय मघापासून? मला इथे ऐकू येतंय… दगडावर आपटली? खालून? अगं, मग सायलेन्सर फुटला असेल, तेव्हाच का नाही… बरं, राहू दे. राहू दे ते. आई काय करतेय?… झोपलीय. आणि तुझी चिमणी?… तीपण.

छोटे, तुझं डोकं दुखतंय का?… आणि मळमळ?… घाटामुळे नाही. घाटामुळे नाही ते, छोटे! गाडी बंद कर. आधी किल्ली फिरव!… केलीस? आता सगळी दारं उघड. सगळी! थंडी गेली खड्ड्यात. फोन स्पीकरवर टाक आणि त्या दोघींना बाहेर काढ.

अहो! इकडे या! गाडीचा धूर आत गेलाय हो डिकीतून… आमची आई आहे आत. तुमच्या फोनवरून अँब्युलन्सला लावा. घाटात, दरडीच्या वरच्या अंगाला. सांगा, धुरानं गुदमरलेत, ऑक्सिजन लागेल… लावा ना, बघत काय राहिलात!

हां छोटे… वास? अगं, धुरातल्या त्या विषारी वायूला वासच नसतो. वास आला असता तर तूच नसतीस का उतरली! चिमणीला उचल आधी… रस्त्याच्या कडेला ने, गाडीपासून लांब… उठत नाही? हाक मार. जोरात. गालावर थापट्या मार… अजून… ओकली? ओकू दे! कुशीवर वळव तिला… ती रडतेय ना? तीच रडतेय ना ती? रडू दे गं, चांगलं भोकाड पसरू दे.

आता आई… एकटीला कशी उचलेल? बोंब मार! पुढच्या ट्रकवाल्याला बोलाव… आले? दादा, अहो दादा, ऐकू येतंय का माझं? तिच्या काखेत हात घाला. हळू हं, कंबर दुखते तिची… नाही, हळू नको, ओढा! ओढा तुम्ही!

छाती हलतेय का बघ. गाल तिच्या नाकाशी ने… छोटे?… अगं बोल ना. मला इथून काही दिसत नाही गं… छोटे!… आहे? श्वास आहे? नक्की?… फोन धर तिच्या कानाशी.

आई? मी थोरली बोलतेय. डोळे उघड, आई. झोपायचं नाही आता… आम्हाला कधी झोपू दिलंस का उजाडल्यावर? पांघरूण ओढून उठवायचीस ना? मग ऊठ… आई, ऊठ ना गं… काय? काय म्हणाली ती? छोटे, काय म्हणाली?… "पांघरूण दे."

दे. दे गं तिला… नाही, तू गाडीत शिरायचं नाही! त्या दादांकडे काही असेल ते द्यायला सांग, ताडपत्रीसुद्धा चालेल… नाही, बरी झाली म्हणू नकोस एवढ्यात. तिला बोलती ठेव. आणि तूही खाली बस, तुझीही जीभ जड झालीय.

अहो, काय म्हणतात?… दरडीपाशी, त्यांच्याच बाजूला उभीच आहे एक? येतेय, छोटे, अँब्युलन्स येतेय. ट्रकवाल्या दादांना पुढे जाऊन हात करायला सांग… दिसली?… तिघींनीही जायचं. तूसुद्धा! डोकं दुखतंय हे विसरू नकोस सांगायला. गाडी राहू दे तिथेच… खुर्ची गेली तर जाऊ दे!

आणि हे बघ, फोन बंद करू नकोस. चालूच ठेव, खिशात टाक. मी बोलणार नाही, नुसती ऐकते… हां… चढवलं त्यांना… दार लागलं…

हॅलो?… छोटे?… हॅलो?…

गेला हो. रेंज गेली असेल… हो ना? रेंजच गेली असेल… गाडी काढा.