पहिलीचा खेळवर्ग

दातांच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसलेल्या शिंपीणबाईंना तोंड उघडता येत नव्हतं, पण कान उघडे होते. शेजारी दोन शिक्षिका बसल्या होत्या. थोरली पहिलीला शिकवायची, धाकटी दुसऱ्या शाळेतली.

"ताई, तुमच्याकडे खेळवर्ग सुरू झाला म्हणे?"

"झाला की! आता सगळं शिक्षण खेळातून. वरून आदेशच आहे."

"पोरांची चंगळ असेल मग."

"चंगळ कसली? पहिल्याच दिवशी नुसता उकिरडा केला. मी ठोकळ्यांचा एवढा सुंदर किल्ला रचला होता, तोही पाडला मेल्यांनी."

"मग?"

"मग पुन्हा रचला आणि डिंकाने चिकटवून टाकला. आता हलवून दाखवा म्हणावं! भातुकलीची भांडी भिंतीला ठोकली. वाळूच्या हौदावर ताडपत्री बांधली."

"अगंबाई! मग पोरं खेळतात कशी?"

"रांगेने येतात, हाताची घडी घालून बघतात, रांगेने जातात. तपासणीचे साहेब म्हणाले, इतका नीटनेटका खेळवर्ग उभ्या जन्मात पाहिला नाही!"

शिंपीणबाईंनी गालावरचा रुमाल तोंडावर घेतला.

"म्हणजे सगळं सुरळीत?"

"एक कार्टी आहे नाठाळ. परवा बाकाखाली खडूचे तुकडे रांगेने मांडून बसली होती. स्वतः बाई झालेली, आणि खडूंवर ओरडतेय, 'हात लावायचा नाही, नुसतं बघायचं!'"

"अय्या! मग?"

"मग काय, खडू काढून घेतले. म्हटलं, खेळायचं असेल तर घरी जाऊन खेळ. हा खेळवर्ग आहे!"