नऊ अक्षरं

दीपिका : नाही हो बाबा, घाबरण्यासारखं आहे असं डॉक्टर म्हणाले नाहीत. बीपी वाढलंय, एवढंच म्हणाले. अर्ध्या तासाने परत मोजणार आहेत.

रामजी : नऊ वर्षांच्या पोरीला बीपी.

दीपिका : तेच तर त्यांनाही कळत नाहीये. या गोळीने उलट खाली जायला पाहिजे. मला तीनदा विचारलं, गोळी चुकली का, गोळी चुकली का. मी म्हटलं, शक्यच नाही. मी हिंदमाताला साडीच्या दुकानात असते, लग्नसराईत घरी यायला उशीर होतो, पण माझे सासरे गजर लावून नातीला गोळी देतात. एक वेळ इकडची तिकडे नाही.

रामजी : असं सांगितलंस?

दीपिका : मग काय सांगणार? आता रक्त काढणार, किडनीची सोनोग्राफी करणार. कारण सापडेपर्यंत सोडणार नाहीत म्हणे. हर्षवर्धन पुण्याला गाडी घेऊन गेलाय, त्याला मी अजून कळवलं नाही. लेकीच्या काळजीने उगाच घाईत गाडी चालवेल. तुम्ही पाणी प्या जरा.

रामजी : सुई टोचली का तिला?

दीपिका : अजून नाही. सिस्टर तयारी करत होती. प्राची रडत नाहीये, पण पलंगाची कड घट्ट धरून बसलीय. डोकं ठणकतंय म्हणते. छातीत कोणी ढोल वाजवतंय म्हणते.

रामजी : दीपिका, आत जा आणि ती सुई थांबव.

दीपिका : का?

रामजी : गोळी चुकलेली नाही. मी दिलीच नाही.

दीपिका : काय?

रामजी : गुरुवारी रात्रीची. शुक्रवारच्या दोन. आज सकाळची. चार झाल्या.

दीपिका : काल मी तिला विचारलं होतं. घेतली म्हणाली.

रामजी : मी जिरागोळी दिली होती. आईला बोलू नकोस म्हणून बजावलं. एरवी तिच्या पोटात काही राहत नाही. हे मात्र राहिलं.

दीपिका : इथंच बसा. कुठे जाऊ नका.

(ती आत जाते. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन बाकावर बसते.)

रामजी : काय म्हणाले?

दीपिका : कारण सापडलं म्हणाले. रक्त नको, सोनोग्राफी नको. गोळी दिलीय, किती द्यायची ते त्यांनी ठरवलं. चुकलेल्या चारही एकदम द्यायच्या नसतात. आता सारखं बीपी बघतायत. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतील.

रामजी : माझ्यावर रागावले?

दीपिका : ते नाही रागावले. मी रागावलेय.

रामजी : बोल मग. काय बोलायचं ते बोल.

दीपिका : काय बोलू? तुमची नात आत डॉक्टरांना सांगतेय, आबांना ओरडू नका, जिरागोळी मीच मागितली.

रामजी : तिने नव्हती मागितली.

दीपिका : माहितीय मला. बाबा, तुम्हाला ही गोळी नको होती तर भांडायचं होतं माझ्याशी. पहिल्या गोळीच्या वेळी भांडलातच की.

रामजी : पहिलीची गोष्ट वेगळी. ती गोळी पोरीला खात होती.

दीपिका : पण कामही करत होती, खोटं कशाला बोलू? आठला घेतली की नऊला वर्गात जागेवर बसलेली. बाई म्हणाल्या, फळ्यावरचं पान हिने पहिल्यांदाच पुरं उतरवलं. एडीएचडी असलं की, म्हणजे मूल एका जागी टिकत नसलं की, आधी तेच औषध बघतात, बऱ्याच मुलांना तेच जास्त लागू पडतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं.

रामजी : आणि डबा? डबा भरलेला जायचा, भरलेला यायचा. दोन महिन्यांत दोन किलो उतरली. झोप उडाली. सारखे डोळे मिचकावायला लागली, ते आधी मी पाहिलं, तू नाही.

दीपिका : म्हणून तर बदलली ना. ही गोळी दुसऱ्या जातीची. सावकाश लागू पडते, काही आठवडे थांबावं लागतं. अभ्यासात पहिलीइतकं लक्ष लागेलच असं नाही. पण भूक मारत नाही, झोप घालवत नाही.

रामजी : झोप घालवत नाही? पहिला आठवडा पोरगी चपातीचा तुकडा हातात धरून झोपत होती.

दीपिका : हो, गुंगी येते. उठून उभं राहताना चक्कर येऊ शकते. तेही आधी सांगितलं होतं. आता कमी झालीय ना? गेल्या रविवारी तुमच्यासमोर बसून कॅरमचा अख्खा डाव खेळली.

रामजी : खेळली. हरली तरी सोंगट्या उधळल्या नाहीत. मीच चकित झालो.

दीपिका : मग? चांगली चालली होती तर का बंद केलीत?

रामजी : वाचलं म्हणून.

दीपिका : काय वाचलं?

रामजी : तुला माहीत आहे, मराठी मी बासष्टाव्या वर्षी शिकलो. तुझी सासू, सुंदरा, गेल्यावर. इंग्रजी अक्षरं प्राचीने शिकवली, आत्ता, गेल्या वर्षी. घरात जे पुडकं दिसेल ते माझ्यापुढे धरते. साबण, बिस्किटं, चहा. आबा, वाचा. चुकलो की टपली मारते. गुरुवारी तिने गोळ्यांची पट्टी धरली. मी एकेक अक्षर लावत गेलो. सी, एल, ओ. नऊ अक्षरं. लावता लावता वाटलं, हे मी कुठंतरी पाहिलंय.

दीपिका : कुठं?

रामजी : सुंदराच्या कागदावर. तिच्या पेटीत मी जपून ठेवलाय. डॉक्टरने गोळीचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सुटं सुटं. पट्टी त्याच्या शेजारी धरली आणि बोट ठेवून जुळवलं. नऊच्या नऊ जुळली.

दीपिका : आईंना हीच गोळी होती?

रामजी : बीपीची. सात वर्षं घेतली, आणि शेवटी बीपीनेच गेली. आधी वाटलं, औषधवाल्याने चुकीची पट्टी दिली. मग वाटलं, डॉक्टरच चुकला. आजीची गोळी नातीला. ती गोळी मी परत घरात कशी चालू देऊ?

दीपिका : कोणी चुकलं नव्हतं, बाबा. ही मूळची बीपीचीच. मुलांना असा उपयोग होतो, ते मागून कळलं. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच तुमच्याकडे बोलले नाही. घरात कोणी बीपी म्हटलं की तुम्ही ताटावरून उठता. अकरा वर्षं बघतेय.

रामजी : बरं, मी बंद केली. पण चार वेळा नाही दिली तर एवढं? पहिल्या गोळीला तर रविवारची सुट्टी असायची. डॉक्टरनेच दिलेली. शाळा नाही तर गोळी नाही, सोमवारी परत चालू. कधी काही झालं नाही.

दीपिका : तिला सुट्टी चालते. ती सकाळी चढते, संध्याकाळी उतरते, तिचा हिशेब त्या दिवसापुरता. पण तीही डॉक्टरांना विचारूनच. हिला सुट्टी नाही. ही बीपी दाबून धरते. एकदम सोडली तर ते उसळून वर येतं, आधी होतं त्याच्याही वर. बंद करायची तर हळूहळू उतरवत न्यावी लागते.

रामजी : ताणलेला पट्टा सुटला की उलटा येतो. मिलमध्ये पाहिलंय. माणसाचं तोंड फोडतो.

दीपिका : तसंच समजा. हे मी तुम्हाला पट्टी हातात देतानाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तुम्ही मला विचारलं नाही, मी तुम्हाला सांगितलं नाही.

रामजी : एकदम सोडली की डोकं ठणकतं?

दीपिका : हो. डोकं दुखतं, धडधडतं, घाम येतो. आणि मोठ्या माणसांत तर...

रामजी : मोठ्या माणसांत काय?

दीपिका : काही नाही. प्राचीचं उतरतंय आता. सिस्टरने मला आकडा दाखवला.

रामजी : सुंदरा गेली तेव्हा तू नव्हतीस घरात. आम्ही गावाला गेलो होतो, विहाराचं उद्घाटन होतं. गोळ्यांची पिशवी इथं खुंटीला राहिली. पनवेलच्या स्टँडवर तिच्या लक्षात आलं. म्हणाली, परत फिरू या. मी म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय.

दीपिका : बाबा, राहू द्या.

रामजी : तिसऱ्या दिवशी डोकं ठणकतंय म्हणाली. मी बाम चोळला. चौथ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. आणि इतकी वर्षं मी त्या गोळीला शिव्या देतोय.

दीपिका : आईंची किडनी खराब होती, किती वर्षांचं दुखणं होतं. त्या कशाने गेल्या ते आज कोणी सांगू शकणार नाही. डॉक्टरही नाही.

रामजी : कागद सांगेल, एकदम सोडू नका असं डॉक्टरने लिहिलं होतं का ते. हा घे. सकाळी पेटीतून खिशात घातला, डॉक्टरला त्याची चूक दाखवायला. मोठी अक्षरं मला लागतात. खालचं हे लिहिलेलं एकमेकांत गुंतलंय, ते लागत नाही. प्राची म्हणते, ते पुढच्या वर्षी शिकवीन.

दीपिका : घरी जाऊन बघू ना.

रामजी : वाच, पोरी.

दीपिका : सुंदराबाई रामजी तांबे. वय पंचावन्न. गोळी रोज दोनदा, सकाळ आणि रात्र.

रामजी : तेवढं मला येतं. त्याच्या खाली.

दीपिका : त्याच्या खाली... डॉक्टरांची सही आहे.

रामजी : एवढी लांब?

दीपिका : काहींची असते.

रामजी : दोन ओळींची?

दीपिका : हो, बाबा.

रामजी : बरं. तू म्हणतेस तर सहीच असेल.