मरळीचा मधला तुकडा

…आन वर मलाच म्हणायलेत, "मनकर्णा, मोठा तुकडा तू घे गं, तुला ताकद पाहिजे." ताकद? ज्या घरात लग्न होऊन आल्यापासून माझ्या ताटात माशाची शेपटी सोडून दुसरं काय पडलं न्हाई, त्या घराला माझी ताकद आजच कुठून आठवली? पण मी काय बोलले न्हाई. तुमाला सांगते, मला जास्त बोलायची सवयच न्हाई.

आता पहिल्यापासून ऐका, मग तुमीच ठरवा. आमच्या राणीसावरगावच्या शेतात शेततळं हाय. माझ्या मालकांनी त्यात मासे सोडले, रोहू सोडले, कटला सोडले, आन मामांच्या, म्हंजी माझ्या सासऱ्यांच्या, आबासाहेबांच्या हट्टापायी मरळबी सोडली. मरळ म्हंजी कशी, काटे कमी, मांस गच्च, आन स्वभाव मात्र आमच्या मामांसारखा… समोर जे बारीक दिसंल ते गिळून मोकळी. घरात बोकडाचं मटण शिजलं की मगजाची नळी मामांची ठरलेली, आन मरळ शिजली की मधला मोठा तुकडा मामांना, त्याच्या बाजूचा मालकांना, उरला तो धाकल्या दिरांना, बजरंगभाऊजींना, आन शेपटी कुणाला? जाऊ द्या, मी काय बोलत न्हाई.

तर त्या दिवशी नणंदेची लेक आलती, सृष्टी. परभणीला कॉलेजात पाणी-माती तपासायचं शिकती. सगळे जेवायला बसले, मामांनी तुकडा तोंडापाशी नेला, आन ही पोरगी म्हणती, "आजोबा, माशांच्या अंगात पारा साचतो, माहितीये का?"

मामांचा हात तिथंच. "कोणता पारा? ताप बघायच्या नळीतला?"

"तसाच, पण डोळ्यांना दिसत नाही. कोळशाच्या धुरातून उडतो, पावसातून समुद्रात पडतो. तिथले मासे वाळवून, दळून जे खाद्य होतं, ते आपण तळ्यात टाकतो. ते खाद्य छोटे मासे खातात, असे कितीतरी छोटे मासे एक मरळ खाते, आणि पारा अंगातून लवकर निघतच नाही. म्हणून दुसऱ्यांना खाणारा जो मोठा, म्हातारा मासा असतो ना, त्याच्यात सगळ्यात जास्त."

आता पोरगी माशाबद्दल बोलायली का घरातल्या माणसाबद्दल, मला लवकर कळंना. आन एकदा शिरला की निघत न्हाई म्हणल्यावर मी बजरंगभाऊजींकडं बघितलं… पुण्याहून पेरणीला म्हणून आलते, काढणी झाली तरी हायेत. पण मी काय बोलले न्हाई.

मामांनी तुकडा दिव्याखाली धरला. "हे बघ, चमकायलाय. हाच पारा."

"आजोबा, ती कातडी आहे."

"मग खरपूस तळा, उडून जाईल."

"तळून जात नाही, मांसातच मुरलेला असतो."

झालं. मामांनी तुकडा अलगद मालकांच्या ताटात ठेवला. "योगीराज, तू कष्टाचा माणूस, खा." मालकांनी तो सरकवला भाऊजींकडं, "बजरंग, तू पाव्हणा." भाऊजी म्हणले, "वैनी बिचारी दिवसभर राबती…" ज्या तुकड्याकडं दोघं भाऊ लहानपणापासून टवकारून बघायचे, तो ताटाताटातून फिरत फिरत चुलीपाशी आला, माझ्या ताटात. आन माझी शेपटी मामांनी उचलली! सृष्टी म्हणली, "आजोबा, शेपटीपण त्याच माशाची आहे." मामा म्हणतेत, "टोकाला कमी पोचला असंल."

मला काय भीती वाटली न्हाई का? वाटली की. भांडी घासताना पोरीला हळूच विचारलं. ती म्हणली, "मामी, आपली मरळ वर्षाचीपण नाही, फार नसणार. आठवड्यातून एकदा खाल्ली तर घाबरू नकोस. पण तपासल्याशिवाय खात्रीनं कसं सांगू?" मग दुसऱ्या दिवशी एक मरळ बर्फात घालून परभणीला घेऊन गेली.

आन मी? मी त्याच रात्री, भांडी झाल्यावर, तो झाकून ठेवलेला तुकडा चुलीपुढं एकटी बसून खाल्ला. काय सांगू तुमाला… काटा न्हाई, कूट न्हाई, घास सरळ जातोय. मासा असा लागतोय हे मला म्हायीतच न्हवतं हो. डोळ्यात पाणी आलं. मालक पाणी प्यायला आलते, म्हणले, काय झालं गं? मी म्हणलं, तिखट जास्त पडलंय. दुसरं काय बोलणार?

पुढं दर आयतवारी तेच. मरळ शिजायची, सगळे माझ्या तब्येतीची चौकशी करायचे, मधला तुकडा माझ्याकडं यायचा. मामा शेपटीचे काटे काढत बसायचे, एकदा घशात काटा अडकला तर भाकरीचे दोन घास कोरडे गिळून खोकत बसले बिचारे. मी पाणी दिलं. बोलले काय न्हाई.

आन काल आयतवारी सगळे जेवायला बसलो, तवाच सृष्टीचा फोन आला. मालकांनी स्पीकर लावला. पोरगी म्हणती, "तपासलं. पारा अगदी नावाला आहे, खुशाल खा सगळ्यांनी."

मामा लगेच ताठ बसले. "मला तर पहिल्यापासून म्हायीत होतं, आपल्या तळ्याचं पाणी बिलकुल साफ हाय." आन हात लांब करून माझ्या ताटातला तुकडा, चक्क चिमटीत धरून, आपल्या ताटात. मालकांनी बाजूचा घेतला. भाऊजींनी उरलेला. कुणाला माझी ताकद आठवली न्हाई.

मी गुमान फोन उचलला, गोठ्यात गेले, म्हणलं, "सृष्टी, पोरी, एक सांग. बोकडाच्या नळीत असलं काय साचतंय का?"

ती म्हणली, "नाही गं मामी."

मी म्हणलं, "जरा नीट शोध."