धोंडूचे भरलेले खेकडे

आमच्या धोंडूला तुम्ही भोळा समजता, म्हणून हे सांगतो. नारळी पुनव झाली होती, आणि ह्यानं सासूला समुद्राचा मासा खिलवायचा शब्द देऊन ठेवलेला. पोलादपूरच्या डोंगरातला गडी, गळ कधी हातात धरलेला नाय. मग महाडहून मचव्यानं दोघं बाणकोटला गेलो, टोपलीत ओढ्यातले खेकडे घेऊन, आणि तिथं एका तांडेलाच्या होडीत बसलो.

आता गळाला आमिष म्हणून लावतात तो नुकतंच कवच टाकलेला मऊ खेकडा. त्याचे पाय मोडायचे, दोन तुकडे करायचे आणि दोऱ्यानं गळाला बांधायचे. पण असला पोचट खेकडा आपल्या बायका कालवणात घेत नाहीत, मांसानं भरलेला कडकच घेतात. मी धोंडूला मुद्दाम उलटं सांगितलं, "माशाची जीभ सासूसारखीच असते रे. कडक, भरलेले तू घे. मऊ टाक माझ्याकडं."

"तुझ्यासारखा मैतर नाय," धोंडू म्हणाला.

दुपारपर्यंत मला तीन मासे लागले, वीतभर का होईना. धोंडूचा गळ रिकामाच. मी पोट धरून हसत होतो, तेवढ्यात तांडेल त्याच्या टोपलीत डोकावला.

"ओढ्याचे खेकडे? रोज मासे खाऊन तोंड विटलंय माझं. मला दे, आणि हा रावस ने."

रावस हातभर लांब!

परतताना धोंडूनं तो मांडीवर घेतला, माझ्या माशांकडं बघितलं आणि म्हणाला, "जेवायला आमच्याकडंच ये रे. ते तीन पण आण, आमची मांजर उपाशी हाय."