गाड्यांच्या रांगेतली सायकल

नाही म्हणजे नाही, बाबा — सायकलला ही खिडकी नाही, सासरे असलात तरी नाही! पाटी वाचलीत ना? फक्त मोटारी. सायकल तिकडे लावा आणि आत जाऊन घ्या — काय? आत कुणी ओळखीचं भेटेल? अगबाई, म्हणजे चोरून आलात! आईंना वाटतंय, बाबा तळ्याभोवती चकरा मारतायत, वजन उतरवतायत — आणि बाबा इथे तळलेले बटाटे मागतायत! सायकल घ्यायला लावली कोणी? मीच की! आणि काय हो, मोटार आली की जमिनीखालच्या तारेला कळतं, माझ्या कानात घंटा वाजते, माइक आपोआप सुरू होतो. तुमची सायकल त्या तारेच्या खिजगणतीतही नाही. मागच्या खांबापाशी उभं राहून ओरडत होतात, म्हणून हे बटण दाबून अडकवलं, तेव्हा कुठे आवाज आला — तोही घरचा! काळजाचं पाणी झालं माझ्या.

मी इथे कशी? विषय बदलू नका. बँक ना — सुटली बँक. म्हणजे मीच सोडली. साहेब दिवसभर डोक्यावर मिरे वाटायचा. इथे निदान माणसं हसत निघून जातात, मला बरं वाटतं — खरंच बरं वाटतं, बाबा. पण आईंनी अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय, आमची सून बँकेत! कुठल्या तोंडाने सांगू? बँकेचे कपडे घालून निघते, इथे येऊन ही टोपी चढवते. तुमच्या मुलालाही पत्ता नाही. घ्या हे बटाटे, मीठ सढळ हाताने घातलंय, आणि अळीमिळी गुपचिळी. आईंना कळलं तर तुमचे बटाटे बंद आणि माझी ही खिडकी बंद. आई आज ताईंच्या गाडीतून दाताच्या डॉक्टरकडे गेल्यात, म्हणून बरं —

थांबा. खांबावरच्या स्पीकरमधून माझाच आवाज का येतोय? ते बटण — अजून अडकलेलंच? तरीच घंटा वाजली नाही! म्हणजे मागच्या गाडीला सगळं — हॅलो? काय देऊ आपल्याला?

...आई?

हो. हो आई. दोन चॉकलेट आइस्क्रीम, मोठी. वर बदाम? चालतील ना दाताला? नाही, नाही, सहज विचारलं. छे हो, मी काही ऐकलंच नाही. बरोबर, अगदी बरोबर — तुम्ही डॉक्टरकडे, बाबा तळ्यावर, मी बँकेत. हो, संध्याकाळी भेटूच.

बाबा, बघताय काय? मारा पायडल!