कोंबड्यांसाठी नेलेली राय

लैने : गोड बोलू नकोस, आर्वो. कुंपणालगतचं तुझं रायचं पीक फुलायच्या आत कापायचं. आजच.

आर्वो : काकू, ओंब्या आत्ता कुठे बाहेर पडल्यात!

लैने : म्हणूनच आले. गहू आपला आपल्यात फळतो. राय तशी नाही, वाऱ्यावर शेजाऱ्याशी सोयरीक जुळवते. तुझा पराग इकडे आला की माझ्या आजेसासूचं बी बाटलं. अख्ख्या गावात ते दुसऱ्या कुणाकडे नाही.

आर्वो : माझ्या बुटक्या रायवर भारीच राग तुमचा.

लैने : मिरवायचास ना, 'नवं बियाणं, वादळातही लोळत नाही'? मग गेल्या वर्षी बर्फ वितळल्यावर काय झालं?

आर्वो : थोडी बुरशी आली होती.

लैने : थोडी? शेत ओल्या कागदासारखं भुईला चिकटलं होतं! शेजारी माझी राय ताठ उभी.

आर्वो : चला ना, कॉफी घेऊ.

लैने : विळा दे. मीच कापते.

(विळ्याची वाट न पाहता ती कुंपणातून त्याच्या शेतात शिरते.)

लैने : आर्वो, मी दिसतेय का रे?

आर्वो : मुंडकं दिसतंय.

लैने : बुटकी राय माझ्या हनुवटीला कशी लागली?

आर्वो : खत चांगलं होतं.

लैने : आणि हा माझ्या रायचा निळसर रंग? तोही खताचा? गेल्या ऑगस्टमध्ये माझ्याकडून दोन पोती राय नेलीस. कोंबड्यांसाठी.

आर्वो : त्यांनी खाल्ली नाही.

लैने : तुझ्या कोंबड्या खिळे गिळतात!

आर्वो : काय करू मग? व्होरूच्या बाजारात सगळ्यांसमोर तुमच्या रायला म्हातारी म्हणून हसलो. पेरायला बी कुठल्या तोंडानं मागू?

लैने : म्हणून चोरलंस.

आर्वो : चोरलेलं बी जोमानं येतं म्हणतात.

लैने : आलंय खरं. माझ्यापेक्षा दाट.

आर्वो : मग कापू?

लैने : खबरदार! ठेव तो विळा. माझ्याकडे रानडुकरांनी अर्धं शेत उकरलंय. काल वाटलं, यंदा बी संपलंच.

आर्वो : काकू, खरंच, तुमचे आभा—

लैने : गप्प! बियाण्याचे आभार मानले की ते मरतं. एवढंही कळत नाही?

आर्वो : मग काय म्हणू?

लैने : काही नको. ऑगस्टमध्ये एक पोतं दाराबाहेर विसर. माझ्याकडेही कोंबड्या आहेत.