कुंडाच्या पायरीवर

धोंडूबाई : आता कशाला थांबवलीस गाडी? भाविक, कशेलीच्या पुलावर कंटेनरची रांग लागली का दुपार होल ठान्याला पोचायला. डॉक्टरानं सकाली बोलवलंय का संध्याकाली?

भाविक : मी कुठं थांबवली, आई? बाबांनी हँडब्रेक खेचला. चालत्या गाडीत! बाबा, पागल झालात का? मागून डंपर आला असता तर?

रामनाथ : मागं कोन न्हाय. बगून खेचलाय. दार उघड, मना जरा बाहेर बसूदे.

भाविक : इथं? खाडीच्या बांधावर?

रामनाथ : मंग काय तुझ्या गोडावनच्या गेटावर बसू?

धोंडूबाई : आवो, आज तरी नको त्या जमिनीचा इषय. पाय कापायला चाललाव तुमी, लग्नाला न्हाय.

रामनाथ : म्हनूनच सांगतू. खारबावातनं निघताना दोन पाय हायत. जरा उघड्यावर बसतू, मंग हायच.

भाविक : नाही. बाहेर नाही. मागच्या टायमाला बाहेर नेलं तेच भोगतोय ना आपण? डॉक्टर बोलला, घरात कोंडून ठेवू नका, ऊन दाखवा, मोकळी हवा द्या, म्हातारा माणूस मनातनं खचतो. मी मोठा श्रावणबाळ बनून घेऊन गेलो. काय झालं? बघा खाली. पाय बघा.

धोंडूबाई : डॉक्टर फिरवा बोलला. गरम पान्याच्या कुंडात बुडवा न्हाय बोलला. ती अक्कल तुझ्या बायकोची. "आई, गणेशपुरीला जाऊया, सगलीच जाऊ, बाबांचे पाय शेकून निघतील." निघालं ना शेकून!

भाविक : आई, प्लीज. गाडीत नको.

धोंडूबाई : मंग कुठं बोलू? घरात बोलले तं ती खोलीचं दार लावून घेते. आज यायचं बोलत व्हती दवाखान्यात. मी सांगितलं, तू न्हाय यायचं. तुझं तोंड बगून त्यांना आपरेशनच्या टेबलावर नको जायला.

रामनाथ : असं सांगितलंस तिला?

धोंडूबाई : सांगितलं. आल्यापासनं घराला घरपन न्हाय राह्यलं. पांढऱ्या पायाची मेली—

रामनाथ : धोंडू!

धोंडूबाई : माझ्यावर कशाला वरडताव?

रामनाथ : ह्येच्यासाठीच गाडी थांबवली मी. मना दोघांना कायतरी सांगायचाय. ते ऐकल्याबिगर मी सही करनार न्हाय. डॉक्टराला खुशाल बसूदे सुरी परजत.

भाविक : बाबा, तो काय बोलला ऐकलंत ना? आज नाही कापला तर विष वर चढणार. गुडघा, मग मांडी. मग पायाचा सवालच नाही, माणूसच जातो. ऐकतोय मी, इथंच बोला ना, गाडीत.

रामनाथ : गाडीत न्हाय. ह्या बंद काचांत माझा आवाज मनाच ऐकू येतो. उचल.

(भाविक डिकीतली प्लॅस्टिकची खुर्ची काढून बांधावर मांडतो आणि बापाला दोन्ही हातांवर उचलून तिच्यात बसवतो. उजव्या पायाला पोटरीपर्यंत पट्टी, वरून दुकानाची पिशवी बांधलेली. भाताची गोण पाठीवर घेऊन हाच माणूस या बांधावरून चालायचा, आणि आता हातांना काहीच वजन लागत नाही, हे भाविकच्या ध्यानात येतं.)

भाविक : बसलात नीट? ऊन लागतंय का? छत्री काढू?

रामनाथ : लागूदे ऊन. किती दिसांनी लागतंय. भरती येतंय बग.

धोंडूबाई : पाय वर घ्या, माश्या बसतायत.

रामनाथ : वास येतोय नं पायाचा?

धोंडूबाई : खाडीचा वास हाय तो.

रामनाथ : खाडीचा वास मी वलखतू, धोंडू.

भाविक : बाबा, बोला लवकर. दोनदा फोन येऊन गेला दवाखान्यातनं.

रामनाथ : त्या कुंडाचा सांगतू. तुमी दोघी सासू-सुना दर्शनाला गेलेल्या, आमी बापलेक पायरीवर. मी पान्यात उजवा पाय सोडून, यो वरच्या पायरीवर.

धोंडूबाई : म्हाईत हाय. तेच मी याला इचारून इचारून दमले. बाजूला बसलेलास तू, बापाचा पाय उकडतोय आन तुला दिसलं न्हाय?

भाविक : वाफ होती आई! पाण्यातलं काही दिसत नव्हतं. आणि मी विचारलं होतं. देवाशपथ विचारलं होतं, बाबा, गरम आहे का जास्त? बाबा बोलले, कोमट आहे.

धोंडूबाई : आन ती तुझी बायको क्षितिजा आली तवा काय झालं? मी फुलं-परसाद सांभालतंय, ही माझ्या पुढं धावत. पहिली तिनंच किंकाली मारली.

रामनाथ : तिनंच बघितलं पहिलं. तिनंच पाय वडून काढला, पदरानं टिपला, तशीच अनवानी गाडीपर्यंत पलाली. त्या पोरीला तू पांढऱ्या पायाची बोलतेस.

धोंडूबाई : नेलं कोनी पन? तिनंच नं?

रामनाथ : तिनं नेलं तं काय, आपल्यात कोन जात न्हाय ते सांग! तुझा बाप गुडघे धरले का जायचा. माझी आय जायची. सगल्या गावाची हाडं त्या पान्यात शेकून निघालीत.

धोंडूबाई : त्यांना साखर नव्हती.

रामनाथ : मना हाय. आन ते त्या पोरीला काय म्हाईत, साखरेनं पायातला जीव जातो? मना म्हाईत व्हता.

भाविक : काय माहीत होतं?

रामनाथ : पायाला लागत न्हाय ते. पावसाल्यापासनं. मागल्या दारातनं ओट्यापर्यंत आलू आन बगतू तं एका पायात चप्पल हाय, एका पायात न्हाय. कुठं निसटली पत्ता न्हाय. तुला सांगितलं, तं तू हसलीस, धोंडू.

धोंडूबाई : मी… मना वाटलं इसरलाव.

रामनाथ : मीपन हसलू. कोन सांगत बसंल? सांगितलं का परत दवाखाना, परत गोल्या, परत एसी लावून खोलीत पडा. खिडकीतनं काय दिसतं, तं गोडावनचा पत्रा.

भाविक : बाबा, ते टोमणे नंतर मारा. माहीत होतं तर गरम पाण्यात पाय घातलात कशाला?

रामनाथ : घालताना न्हाय सुचलं. लोकं घालतात, मीपन घातला. मंग बाजूला एक बाई आली, वाडा तालुक्यातली असल. तिच्या पोरानं पाय टाकला आन असा बोंबलला! तिनं वर वडला तं पोराचा पाय उकडलेल्या चिंबोरीसारखा लाल. ती मना बोलली, आजोबा, लय कढत हाय, पाय काढा.

धोंडूबाई : मंग?

रामनाथ : मी हसून मान डोलावली.

धोंडूबाई : आन पाय?

रामनाथ : पाय तसाच ठेवला.

धोंडूबाई : अरे देवा! म्हंजे समजून उमजून?

भाविक : थांब आई. बाबा, तेव्हा मी विचारलं ना, गरम आहे का? ते पोरगं रडलं तेव्हाच विचारलं. तुम्ही बोललात कोमट.

रामनाथ : खोटं बोल्लू.

भाविक : का?

रामनाथ : तू निवट्यांचं इचारत व्हतास.

भाविक : काय?

रामनाथ : निवट्या, बिलातली मासली. याच चिखलात, याच बांधाखाली त्या धराया मी तुला न्यायचू, अर्ध्या चड्डीत. त्या दिवशी पायरीवर बसून तुला आठवलं. बोललास, बाबा, बिलात हात घालायच्या आधीच तुम्हाला कसं कलायचं, निवटी हाय का साप हाय? मी सांगाया लागलू. तू ऐकत व्हतास. मधीच हसलास. बोललास, एकदा मना चिंबोरी चावली तवा तुमी मनाच मारलंत. मना आठवत नव्हतं, तुला आठवत व्हतं.

भाविक : बाबा…

रामनाथ : भरावाचा पहिला डंपर आपल्या शेतात रिकामा झाला, तवापासनं तू माझ्याशी काय बोललास ते सांग. गोली घेतली का. जेवलाव का. एसी वाढवू का. आन, हितं सही करा. याबिगर शब्द न्हाय.

भाविक : तुम्हीच बोलायचं बंद केलं होतं. मी तुमच्या पाया पडलो, सांगितलं, जमीन विकली नाही, गाळे बांधून भाड्याने दिलेत, उद्या नातवंडांचीच आहे. तुम्ही तोंड फिरवून बसलात.

रामनाथ : फिरवलं. मंग परत कसं वलवायचं ते मना येत न्हाय. म्हातारपनात कोन शिकवनार?

धोंडूबाई : आवो, पन पाय काढून बोलायचं नं! तोंडानं बोलताव का पायानं?

भाविक : हां. आई बोलते ते बरोबर आहे. पाय काढायचा, बाजूला बसायचं, बोलत राहायचं. मी कुठं पळून जात होतो?

रामनाथ : जानार व्हतास. तुझी बुटं कोरडी, प्यांट कोरडी. तू आलेलास बापाला कुंडात बसवायला. मी पाय वर घेतला असता का तू उठला असतास. "झालं ना बाबा? चला, निघूया."

भाविक : असं नाही…

रामनाथ : बोलला नसतास?

भाविक : …बोललो असतो.

रामनाथ : मंग.

धोंडूबाई : तेवढ्यासाठी? तेवढ्यासाठी पाय दिलाव तुमी?

रामनाथ : पाय जाईल असं कुठं ठाव व्हतं गो? वाटलं, फोड येतील, फुटतील, सुकतील. शेतात भाताचा राब भाजताना काय कमी भाजलेत हे पाय? राख लावायची आन दुसऱ्या दिवशी शेतावर. तसंच होल वाटलं. सुकलं न्हाय. मंग काला पडाया लागला, तवा तू त्या पोरीच्या नावानं शंख करत व्हतीस, आन मी भिंतीकडं तोंड करून पडलेलू. लाज वाटली. एवढा बाप्या मानूस, पोराशी बोलायला मिलतंय म्हनून पाय उकडत बसला, हे कोनाला सांगू?

धोंडूबाई : मना सांगायचं.

रामनाथ : तू हसली असतीस.

धोंडूबाई : न्हाय हसले असते. …हसले असते. आये गं, काय मानूस हाय यो!

रामनाथ : रडू नको. आता सांगितलं का न्हाय? टेबलावर मी राह्यलू, उठलूच न्हाय, तं तू त्या पोरीला जगू देनार नव्हतीस. जल्मभर तिच्या ताटात माझा पाय वाढला असतास. ती लेकराबालाची, तिनं तुझ्या घरात कसं राह्यचं? तेवढं मना मोकलं करून जाऊदे. चूक तिची न्हाय. याचीपन न्हाय.

भाविक : माझी आहे.

रामनाथ : तुझी असती तं मी सांगितलं असतं. मी काय तुला सोडतू काय?

भाविक : बाबा, मी घरी रोज होतो. वरच्या मजल्यावरच होतो. गणेशपुरीपर्यंत जायची गरज नव्हती. खाली यायचं होतं फक्त.

रामनाथ : आता पुरे. चल, उचल. डॉक्टर वाट बगतोय.

भाविक : थांबा थोडं. तो थांबेल.

रामनाथ : तो थांबंल. इख थांबनार न्हाय. उचल रे. बसून काय करनार आता?

भाविक : निवटीचं राहिलं ना अर्धं सांगायचं. साप असला तर कसं कळतं, ते.

रामनाथ : …न्हाय आठवत आता. घाबरलूय मी, भाविक. खरं सांगतू. मना काय आठवत न्हाय.

भाविक : हां बाबा. बरं. धरा मला, गळ्यात हात घाला. असे. आई, खुर्ची घे.

धोंडूबाई : खुर्ची राहूदे तिथंच, त्यांना बसूदे अजून. आधी फोन लाव.

भाविक : दवाखान्यात? निघालोच ना आपण.

धोंडूबाई : दवाखान्यात न्हाय. क्षितिजाला.

भाविक : आई, आता तिला काही बोलू नकोस हां. तीन रात्री झोपली नाहीये ती. हात जोडतो.

धोंडूबाई : लाव बोलते नं. आन माझ्या कानाला लाव, मना ते बटन समजत न्हाय.

भाविक : …वाजतोय. घे.

धोंडूबाई : क्षितिजा… मी हाय. …न्हाय गो, बरं हायत ते. बांधावर बसलेलू जरा. …न्हाय, कायपन झालं न्हाय. ऐक. सकाली मी बोलले ते… तू आधी रडायची थांब, मना ऐकू येत न्हाय. पोरांना शेजारच्या गुनाबायकडं ठेव. रिक्षा पकड आन ये तिकडं ठान्याला. …तुलाच बोलते गो, आनकी कोनाला बोलू? ये तू. मना एकलीला तिथं बसवनार न्हाय.